साक्षीला धाकटी

इस्पितळाच्या धुलाईघरात त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. नात्यागोत्याच्या नव्हत्या. पण दोघींना एकेक मुलगी, दोघींचे नवरे संसार अर्ध्यावर टाकून गेलेले, आणि दोघी एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहून दिवसभर चादरींच्या घड्या घालत. कोणीतरी गमतीनं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

जाहिरात आधी थोरलीनं पाहिली. एक संस्था एकट्या आईला नर्सिंगची तीन वर्षांची फी, पुस्तकं आणि महिन्याचा खर्च देणार होती. दुसरी कोणी असती तर मूग गिळून गप्प बसली असती. थोरली आली ती सांगतच आली, की डोकं तर तुझंच जास्त चालतं, तूही अर्ज भर. धाकटीचा जन्मदाखला हरवला होता, त्यासाठी थोरलीनं तिच्याबरोबर चार हेलपाटे घातले. घड्या घालता घालता दोघींनी शरीरातली हाडं पाठ केली. अर्जाच्या शेवटच्या पानावर ओळखीच्या साक्षीदाराचं नाव मागितलं होतं. तिथं दोघींनी एकमेकींची नावं लिहिली.

प्रवेशपरीक्षा दोघीही पास झाल्या. मग कचेरीतल्या कारकुनानं सहज बोलता बोलता सांगितलं, की एका इस्पितळातून एकीलाच मदत देतात.

थोरली म्हणाली, "जिला मिळेल तिला मिळेल. दुसरीनं पुढच्या वर्षी अर्ज भरायचा." आणि पुढची चादर ओढली. धाकटीनं मान डोलावली, पण त्या दिवशी तिच्या घड्यांची टोकं काही जुळेनात.

आठवड्यानं संस्थेची चौकशीबाई धाकटीच्या खोलीवर आली. पलंगाच्या कडेला बसली, मांडीवर फाइल उघडली, कोपऱ्यातलं कपाट आणि दाराबाहेरच्या चपला नजरेनं मोजल्या. धाकटीचं सगळं विचारून झाल्यावर तिनं दुसरा कागद वर घेतला.

"तुमच्या मैत्रिणीच्या अर्जात लिहिलंय, नवऱ्याशी काही संबंध नाही. तो येतो का तिच्याकडे?"

थोरलीचा नवरा येत असे. दर रविवारी तासभर. दुसरा संसार थाटला होता त्यानं, पण मुलगी बघायला यायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि निघून जायचा. देत काही नसे. हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं, कारण रविवारी ती थोरलीकडेच असे आणि तो चहा बऱ्याचदा तीच टाके.

"येतो," धाकटी म्हणाली. "दर रविवारी."

"मुक्कामाला राहतो?"

धाकटीची सहा वर्षांची मुलगी पलंगावर पाय हलवत बसली होती. धाकटीनं तिच्या फ्रॉकचं बटण लावलं.

"ते मला काय माहीत," ती म्हणाली.

चौकशीबाईचं पेन त्यावर बराच वेळ चाललं.

उत्तरं आली ती एकाच दिवशी, कामावर. वाफेनं काचा धूसर होतात म्हणून थोरली धुलाईघरात चष्मा लावत नसे. तिनं आपलं पाकीट धाकटीच्याच हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. धाकटीनं वाचलं: अर्ज नामंजूर, माहिती चुकीची दिल्यामुळे पुढेही अर्ज करता येणार नाही. मधलं एक वाक्य तिनं गाळलं. थोरलीनं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, चला, एकीचं तरी झालं. दुपारी कॉलेजला जाशील तेव्हा मुलीला माझ्याकडे सोड, माझी लेक सांभाळेल.

पाच दिवस मुलगी तिकडे राहिली. सहाव्या दिवशी थोरली स्वतःच तिला घेऊन आली. ते पत्र तिच्या बारा वर्षांच्या लेकीनं घरी मोठ्यानं वाचलं होतं, सगळंच्या सगळं: 'आपण दिलेल्या साक्षीदाराच्या जबाबानुसार पती दर रविवारी येतात, मुक्कामाबाबत साक्षीदार खात्री देऊ शकल्या नाहीत.'

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. पण थोरलीनं आवाज चढवला नाही.

"येतो म्हणालीस, ते खरंच होतं," ती म्हणाली. "त्याचा राग नाही. पण काय माहीत म्हणालीस. तुला सगळं माहीत होतं गं."

धाकटी रडली, पाया पडायला वाकली. थोरली मागे सरली. मुलीची पिशवी उंबऱ्यात ठेवून ती निघून गेली.

शेजारीपाजारी कोणी मुलीला ठेवून घेईना. कॉलेजात हजेरी चुकली की मदत बंद, असा नियम. मग धाकटी दुपारी मुलीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावू लागली. पहिले काही दिवस मुलगी दार वाजवायची. पुढे वाजवेनाशी झाली. धाकटीला ते सोयीचंच वाटलं.

सहा महिन्यांनी चौकशीबाई फेरतपासणीला धुलाईघरात आली. धाकटीच्या अर्जावर साक्षीदार थोरलीच होती. कुलपाचं थोरलीच्या कानावर गेलेलं होतं. तिनं एक शब्द काढला असता तर सगळं संपलं असतं.

"आई कशी आहे ही?" चौकशीबाईनं विचारलं.

"चांगली आहे," थोरली म्हणाली. "मुलीला नजरेआड होऊ देत नाही."

बाई गेल्यावर धाकटी आभार मानायला टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेली. थोरलीनं इस्त्री उचलली.

"तुझं गेलं तर मला थोडंच मिळणार आहे?" ती म्हणाली. "हो बाजूला. भाजेल."

त्यानंतर टेबलापलीकडून धाकटीशी ती कामापुरतंही बोलली नाही. कामावर नव्यानं लागलेल्या एकीला जोडीला घेऊन ती दुसऱ्या टेबलावर गेली.

तीन वर्षांनी धाकटी पास झाली, वर्गात दुसरी आली. संस्थेनं आपल्या पुस्तिकेत छापण्यासाठी मायलेकींचा फोटो काढायला माणूस पाठवला. तो मुलीला सारखं सांगत होता, आईला बिलग, आईकडे बघून हस. मुलगी जागची हलेना. शेवटी धाकटीनंच तिला खांद्याला धरून जवळ ओढलं आणि हसत राहिली, तेवढ्यात त्यानं फोटो काढला.