व्हरांड्यातली झोळी

मित्रांनो, झोळी म्हटलं की तुम्हाला तान्हं बाळ आठवेल. मी तसली नव्हे. मी मोठ्या माणसांची झोळी आहे, ताडाच्या धाग्यांची, जुनी आणि चिडलेली.

आमेझॉनच्या काठी माणसं झोळीतच झोपतात. रोसाउराबाईने मांडीवर धागा वळून मला विणलं. तिचा नवरा एलिसेओ मासे मारून यायचा, उकडलेली केळी खाऊन माझ्यात पडायचा आणि म्हणायचा, "हिच्यापुढे पलंगबिलंग सगळं झूट!" मी फुगून जायचे.

मग साथ आली. एलिसेओला धाप लागली, म्हणून होडीने शहरातल्या इस्पितळात आणलं. नशिबाने खाट मिळाली, प्राणवायूची नळी लागली. तो दोन घास खाऊ लागला. मी खाटेखाली गुंडाळून पडले होते, पण खूश होते.

तेवढ्यात बातमी आली. साथीत कोणतं इस्पितळ किती कार्यक्षम, हे मोजायला राजधानीतून माणसं येणार होती. खाटेवरून किती बरे होऊन गेले आणि किती दगावले, एवढंच ते बघणार. व्यवस्थापक बाल्तासारसाहेब लगेच वॉर्डात फिरले. जो जगेल याचा भरवसा वाटेना, त्याला व्हरांड्यात हलवलं. व्हरांडा मोजणीत नव्हता. एलिसेओची नळी अजून सुटली नव्हती, म्हणून त्याचाही नंबर लागला.

"मावशी, नदीकाठच्या माणसाला खाटेवर कुठली झोप?" ते रोसाउराबाईला गोड आवाजात म्हणाले. "त्याच्या झोळीत ठेवू. मोकळी हवा मिळेल."

"आणि ती नळी?"

"येईल की मागून."

बिचारीला ती माया वाटली. तिने स्वतःच्या हाताने मला दोन खांबांना बांधलं. नळी काही आली नाही. एलिसेओ माझ्यातच तडफडून गेला. मी नुसती हलत राहिले. संतापाने माझे धागे अजून ताठ होतात.

मोजणीदार आले तेव्हा रोसाउराबाई आडवी आली. "माझ्या माणसाला मोजणीत कुठं धरलंत?"

"मावशी, आम्ही दाखल असलेलेच मोजतो."

"मग हा काय इथं वारा खायला आला होता?"

मोजणीदार खाली बघत पुढे गेले. इस्पितळाचा पहिला नंबर आला. आत केक कापला, भाषणं झाली. साथीत मरणं आवरल्याबद्दल शाबासकी मिळाली. लाज कशी वाटली नाही या लोकांना?

दुसऱ्या दिवशी बाल्तासारसाहेब आले. "मावशी, सोडा आता ती झोळी. जागा लागते."

"आधी त्याला मोजा," रोसाउराबाई म्हणाली आणि माझ्यात येऊन बसली.

ती अजून रोज येते. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन असली मोजणी करायला निघालात, तर आधी व्हरांड्यात या. आणि तोवर कोणी माझी गाठ सोडायला आलं, तर त्याचा हात धरा.