शिवम्माचं फुप्फुस

परभणीच्या दवाखान्यात शिवम्मानं सकाळी प्राण सोडला. तिचा लेक महांतेश उशालाच होता. त्याला रडू आलं नाही, त्यानं आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सवय, दुसरं काय.

जन्मात विडीला हात न लावलेल्या, पण कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापून थापून दम लागलेल्या बायांची फुप्फुसं आतून कशी सडतात, यावर महांतेशनं वीस वर्षं काढली. पुण्यात मोठा शास्त्रज्ञ. परदेशात भाषणं, इकडं शाली अन् नारळ. आणि या सगळ्याच्या बुडाशी परभणीच्या वॉर्डात मेलेल्या बाया. बाई गेली की काही तासांच्या आत छातीत सुई घालून फुप्फुसाचा बारका तुकडा काढायचा. उशीर झाला की तो वाया.

त्याला घरच्यांची सही लागते. सही मिळवण्यात महांतेशचा हात धरणारा कुणी नव्हता. मेलेल्या बाईच्या लेकाच्या खांद्यावर हात टाकून हळू आवाजात बोलायचा. रडणारा माणूस दाखवाल तिथं अंगठा लावतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून रडतानाच गाठायचा.

आज दाराबाहेर त्याची सहायक ऋतुजा नमुन्याची पेटी घेऊन उभी होती. "सर," एवढंच म्हणाली.

बाकावर महांतेशचा बाप रेवणप्पा बसला होता. "गाडी बघ बाबा," तो म्हणाला. "अंग ताठायच्या आत गावाकडं, सावरगावला न्यायला पायजे. नसता बसवायची कशी?" त्यांच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून पुरतात. "तशी बसायची सवयच झाली होती तिला. चार वर्षं दम्यानं आडवं कुठं होता आलं."

मग त्याला पेटी दिसली. लेकाचं काम तो गावभर सांगत फिरलेला. "तुजं ते सुईचं करायचं आसंल न्हवं? मंग वाट कशाची बघायलास? घे की."

महांतेश आत गेला. चादर सारली. बोटं आपोआप बरगड्यांवर गेली. सुई कुठून घालायची ते त्या बोटांना झोपेतही सांगता आलं असतं. बोटं तिथंच थांबली. त्याला काहीच वाटत नव्हतं. दुःख नाही, शरम नाही, बधिर सगळं. फक्त हात पुढे जाईना.

बाहेर येऊन तो ऋतुजाला म्हणाला, "राहू दे. घरचे नाही म्हणतात. आमच्यात चालत नाही."

रेवणप्पानं मान वर केली. "मी कवा न्हाई म्हणलो?"

ऋतुजानं पेटी खाली ठेवली.

"इतक्या लोकांच्या मायांच्या छातीत सुया घातल्यास," बाप म्हणाला. आवाज चढवला नाही. "त्या काय बेवारस होत्या?"

महांतेश गाडी बघायला गेला.

दुसऱ्याची माय मेली तर नमुना, आपली मेली तर समाधी. दुपारी शिवम्माला बसवली, माती लोटली. बाप लेकाशी बोलला नाही. त्यानं बोलावं म्हणून लेकानंही काही केलं नाही.

महिन्यानं तो परत वॉर्डात. झरी गावच्या गोपीचंदची माय कोकिळा नुकतीच गेली होती. महांतेशनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चिरफाड नाही. एक सुई. तुमची माय गेली, निदान दुसऱ्याची वाचेल."

गोपीचंदनं बाहीनं डोळे पुसले. "सायब, तुमची माय बी हितंच गेली म्हणं. तिचं घेतलं का?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," महांतेश म्हणाला.

"का बरं?"

"जमलं नाही."

"मंग आमाला कसं जमल?"

महांतेशनं खांद्यावरचा हात मात्र काढला नाही. ऋतुजा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

गोपीचंदनं त्या हाताकडं बघितलं. मग म्हणाला, "आणा, कुठं करू सही? माझा बाप बी दम्यानं धापा टाकायलाय. उद्या त्याला घेऊन तुमच्याच दारात यायचंय. तुमाला न्हाई म्हणायची आमची टाप हाय का?"

महांतेशनं सहीखाली वेळ लिहिली आणि सुई घेऊन तो आत गेला.