घरच्यांवर ओरडायचं नाही

मी एक पहारेकरी बोलतोय. मला काठी नाही, शिट्टी नाही, अंग तर नाहीच. खामगावच्या एका खाजगी बियाणे तपासणी प्रयोगशाळेत एक लिनक्स सर्व्हर दिवसभर घुमत असतो. एका घरात भावाभावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तशी त्याच्या पोटात चार-पाच आभासी यंत्रं राहतात. त्यातलंच एक मी, सेन्सर.

मला बसवलं इथले संगणक सांभाळणाऱ्या फहीमने. त्याने माझी फाईल उतरवली, थोडी मेमरी दिली, डिस्क मात्र हात आखडून दिली. मग प्रयोगशाळेच्या नेटवर्कवरून जे जाईल-येईल त्याची नक्कल माझ्याकडे वळवली. मी कोणाला अडवू शकत नाही. पाहायचं, नोंद ठेवायची आणि परका आत शिरला तर ओरडायचं, एवढंच माझं काम.

"साहेब, घरचे कोण अन् बाहेरचे कोण, तेवढं सांगा याले," फहीमने मालकांना, शंकररावांना विचारलं.

पहिल्याच आठवड्यात मी एका बियाण्याच्या दुकानावर ओरडलो. तिथला संगणक रोज आमच्यात डोकावायचा. शंकरराव वैतागले. "अबे, ते दुकानवाले घरचेच हायत! त्याईच्यावर काऊन ओरडून राह्यला हा? घरच्याईत टाक त्याईले."

फहीमने टाकलं. त्या दिवसापासून दुकानाकडून काहीही आलं तरी मी नोंद करायचो, पण तोंडात मिठाची गुळणी धरून.

इथे मंजुश्री काम करायची. बीटी कपाशीची सरकी ओल्या कागदात गुंडाळायची आणि किती कोंब फुटले ते पाहायचं. हात फार हळुवार होता पोरीचा. नमुन्यावर फक्त आकडा असे. बियाणं कोणाचं, हे तिला कळत नसे. मे महिन्यात एका नमुन्याला निम्मेही कोंब आले नाहीत. तिने 'नापास' लिहून सही केली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या संगणकावरून कोणीतरी आत आलं, 'नापास'चं 'पास' केलं आणि निघून गेलं. सही मंजुश्रीचीच राहिली. कुंपणानेच शेत खाल्लं आणि मी जागेवर बसून पाहिलं.

तो अहवाल दुकानात लागला. मंजुश्रीचे वडील जानराव यांनी त्यावर लेकीचं नाव वाचलं आणि गावभर सांगत सुटले, "माह्या पोरीनं तपासलं हाय. डोळे मिटून लावा." जानरावांचा शब्द गावात खोटा पडलेला नव्हता. लोकांनी लावलं.

जून सरता सरता तक्रारींचे मेल माझ्यासमोरून जाऊ लागले. सोबत फोटो होते. काळं रान, आणि ओळीच्या ओळी मोकळ्या.

मग एके दुपारी मंजुश्री वडिलांना घेऊन शंकररावांसमोर आली. "साहेब, तो नमुना मी नापास केला होता," मंजुश्री म्हणाली.

"मंग पास कोणं केला? भुतानं?" शंकरराव म्हणाले.

"फहीमभाऊ, तुमच्या मशीनले विचारा न. त्यानं पाह्यलं असन."

मला वाटलं, आता सुटली पोरगी. फहीमने माझं इशाऱ्यांचं पान उघडलं. ते कोरं होतं. माझ्या नोंदी त्याच्या मागच्याच पानावर होत्या; तिथे तो गेला नाही.

"काहीच नाही, ताई. एक बी इशारा नाही."

"घ्या. मशीन काय खोटं बोलते?" शंकरराव म्हणाले. उद्यापासून येऊ नको, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

जानरावांनी वाकून ते कोरं पान पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, खरं सांग. तूच केलं का हे?"

बाप आधी बाहेर पडला, मागून मंजुश्री. इतकी वर्षं ज्याने लेकीचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याने त्या दिवशी माझ्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला. मला तोंड असतं तर मी तेव्हा टाहो फोडला असता.

शंकरराव आता आल्या-गेल्याला कौतुकाने सांगतात, आमच्याकडे सेन्सर आहे, गडबड म्हणून कधी सापडली नाही.

तुम्ही कोणी वाचत असाल तर या. मला 'ओरडलास का' विचारू नका, 'काय पाहिलंस' विचारा. जानरावांना सोबत आणा. पण लवकर या. माझी डिस्क लहान आहे, नवं आलं की जुनं पुसलं जातं, आणि आज सकाळपासून मे महिना पुसला जाऊ लागला आहे.