कुंपणाचा पंचनामा

नाथाजी मुकादमाने कोयता उगारला आणि तसाच खाली घेतला. पायातल्या चपला काढून त्याने बाजूला ठेवल्या.

"वैनी, हितं हात लावता यायचा न्हाई."

सरकारी बागेचं हे कुंपण उमाच्या घराला अगदी खेटून होतं. मेंदीत सुबाभूळ माजली होती आणि तिच्या मुळांनी सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, खोलीची भिंत फोडली होती. भेगेत आता उमाची चार बोटं जात. अण्णा अंथरुणाला खिळलेले, भिंत कोसळली तर त्यांच्याच अंगावर येणार. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे आठ अर्ज करूनही दोन वर्षं गेली, तेव्हा कुठे आज ही माणसं आली होती.

"का? आदेश आहे ना तुमच्याकडे?"

नाथाजीने हाताने पानं सारली. आत शेंदूर फासलेला दगड होता. शेंदूर ताजा, त्यावर तेल, पुढे नारळ.

एरवी उमाला हसू आलं असतं. घराच्या पायाभरणीतून उरलेला तो दगड. येणारेजाणारे कुंपणाशी उभे राहून लघवी करत, म्हणून पंधरा वर्षांपूर्वी अण्णांनीच शेंदूर फासून तो तिथे ठेवला होता. घाण थांबली आणि घरातले सगळे दगड विसरून गेले.

"अहो, हा देव नाही. सासऱ्यांनी ठेवलाय, लोकांनी घाण करू नये म्हणून. मी उचलते."

ती वाकली तसा कुणीतरी तिचा हात धरला. बागेतली झाडूवाली बयाबाई. पकड घट्ट होती, आवाज मात्र मऊ.

"आवं, माझा साईराज ह्याच्याच नवसाचा. दर आवसंला तेल वाहती मी. दगड तुमी आणला आसंल बाई, पर देव आमचा हाय."

बागेत फिरायला आलेली माणसं एव्हाना जमली होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पुढे येत नव्हतं. त्या गप्प उभ्या माणसांचीच उमाला भीती वाटली.

इतका वेळ मोटारसायकलला टेकून ऐकत असलेला तरुण अभियंता फाइल घेऊन आला. त्याने दगडाकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"कुंपण राहू दे, नाथाजी."

"आणि आमची भिंत?" उमाने विचारलं. "कधीही पडेल ती."

"धोकादायक आहे?"

"आठ वेळा लिहून दिलंय मी."

"तेच वाचतोय." त्याने पानं उलटली. बोलणं अगदी अदबीचं होतं. "प्रत्येक अर्जावर तुमची सही आहे. धोकादायक बांधकाम, आत आजारी माणूस. हे माहीत असून आम्ही परत गेलो आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण, मॅडम?"

"म्हणून तर म्हणते, मुळं काढा."

"मुळं काढायची म्हणजे देव हलवावा लागेल." त्याने पेनाचं टोपण काढलं. "भिंत उतरवता येते."

उमाने नाथाजीकडे पाहिलं. तो टेम्पोतून पहार काढत होता.

"वैनी," तो मान वर न करता म्हणाला, "म्हाताऱ्यांना तेवढं भाईर घ्या."