मंगरूच्या वाट्याची दारू

सालेकशाच्या आसपास सुखरामच्या जिभेला मान होता. मोहाची दारू पहिल्या धारेची की पाणी घातलेली, हे गडी एका घोटात सांगायचा, आणि तिच्यासंग काय खावं तेही. त्याच्या मंगरूनं ती जीभ बापाकडून जशीच्या तशी उचलली होती. बापलेक घोट तोंडात धरून डोळे मिटायचे आणि "तू आधी सांग" म्हणून भांडत बसायचे. लोक हसायचे. हसोत बापडे.

तो मंगरू पलटणीत खेचरं हाकायला गेला, जहाजातून इटलीला गेला आणि तिथंच मेला. तार आली त्या दिवसापासून सुखरामनं दारूच्या थेंबाला तोंड लावलं नव्हतं.

लढाई संपल्यावर मंगरूचा सोबती कवडू एक बाटली घेऊन दारात उभा राहिला. मंगरूच्या मायनं, शामकलानं, त्याला पाय धुवायला पाणी दिलं आणि पाहुणा आला म्हणून बोकडाचं मटण चुलीवर चढवलं. रडत रडतच चढवलं.

"काका, ही मंगरूनं तुमच्यासाठी जपून ठेवली होती," कवडू म्हणाला. "तिकडं द्राक्षाची काढतेत. म्हणे, याच्यासंग काय खावाचं ते बाबाले विचारीन."

सुखरामनं बाटली छातीशी धरली. पण हाताची सवय कुठं जाते! दारू हातात आली की इकडे सारेच करतात तेच त्यानं केलं: चुलीतला एक निखारा ओढून त्यावर ओतली. अस्सल मोहाची असली की भक्कन पेटते. ही नुसती चुर्र झाली. त्यानं दुसरा निखारा ओढला, धार धरली. पुन्हा चुर्र. बघता बघता बाटली तळाला आली.

"पाणी होय हे!" म्हातारा भडकला. "रस्त्यात ढोसली अन् जांभळाचं पाणी भरून आणलं काऊन गा? मेलेल्या माणसाची दारू पेताना लाज नाही वाटली?"

दुसरा कुणी असता तर शिव्या देत निघून गेला असता. कवडूचं तोंड एवढंसं झालं, पण तो जागचा हलला नाही. "तिकडची पेटतच नाही, काका. मी जहाजात उशाशी घेऊन निजलो हिले. चाखून तं पाहा."

सुखरामनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. टेंभरूचं कच्चं फळ चावल्यासारखी जीभ आखडली, हिरड्या कोरड्या ठाक पडल्या. पण माल खोटा नव्हता. जिभेनं ओळखलं आणि म्हाताऱ्याची मान खाली गेली.

"चुकलं गा माझं," तो म्हणाला.

मग तो मांडी घालून नीट बसला. लेकानं विचारलंय म्हटल्यावर सांगायला नको? भाजलेले चणे खाऊन घोट घेतला, तोंड आणखीच कोरडं पडलं. मिरचीच्या ठेच्यासंग घेतला, तर नुसती आग. तोवर शामकलानं मटण वाढलं. त्यानं चरबीचा तुकडा चावला आणि उरलेला शेवटचा घोट घेतला.

अरे वा! सारा तुरटपणा त्या चरबीत विरून गेला आणि मागून फळाची आंबटगोड चव जिभेवर आली. म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "चरबीचं मटण! याले बोकडाची चरबीच पायजे!" आणि भान विसरून तो डावीकडं वळला. "आता तू सांग!"

डावीकडं मंगरू बसायचा. तिथं कुणी नव्हतं.

"त्यानंबी हेच सांगितलं होतं, काका," कवडू म्हणाला. "म्हणे, घरी गेल्यावर पाहू, बाबाचं अन् माझं जुळते का."

"जुळलं ना रे पोरा!" त्या रिकाम्या जागेकडं पाहत सुखराम ओक्साबोक्शी रडायला लागला. "जुळलं! आता तुले कोण सांगन?"

घरच्या रीतीप्रमाणं शामकलानं गेलेल्याच्या नावानं एक पान मांडलं, त्यावर भात आणि चरबीचा तुकडा ठेवला. "अजी, दोन थेंब टाका त्याच्या पानावर," ती म्हणाली.

सुखरामनं बाटली उलटी धरली. पुन्हा पुन्हा झटकली.

"नाही वं," तो म्हणाला. "त्याच्या वाट्याची मीच विस्तवावर ओतली."