लिंबाच्या वाटीतला कंगवा

मित्रांनो, माझा एक दात पडला आहे, पण तेवढ्यावरून मला म्हाताऱ्यांत जमा करू नका. मी एक जुना लाकडी कंगवा आहे. एका सुताराने उरलेल्या फळीतून मला कापले, एकेक दात घासला आणि तेल पाजून गुळगुळीत केले. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला आपल्या बायकोसाठी घेतले. तिचे केस कमरेखाली जायचे. रोज सकाळी मी त्यांतून सरसर उतरायचो आणि ती म्हणायची, "प्लॅस्टिकच्या कंगव्याला याची सर नाही." कौतुक कोणाला नको असते?

ती आजारपणात गेली, तेव्हा तिची मुलगी नुकती रांगायला लागली होती. मग मी खणात गेलो आणि सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी वर्षानुवर्षे पडून राहिलो.

मुलगी मोठी झाली आणि तिनेच मला शोधून काढले. घरी येणारा जो तो तिला म्हणायचा, "अगदी बापावर गेलीस गं." ती हसायची, पण तिला ते लागायचे. आपल्यात आईचे काहीच नाही, याचे तिला फार वाईट वाटे. आईचा एकच फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर होता आणि त्यात आईचे केस तांबूस दिसत. मग काय, आपलेही केस तसेच करायचे, असे पोरीने ठरवले. शेजारच्या ताईने घरगुती उपाय सांगितला. लिंबाचा रस, चमचाभर मध आणि वर भरपूर ऊन.

रोज दुपारी ती मला त्या वाटीत बुचकळायची, केसांतून फिरवायची आणि खिडकीत जाऊन बसायची. फोटोवर पडणारे ऊन आधी तिच्या डोक्यावर पडायचे. मित्रांनो, मला खरे ठाऊक होते. तिच्या आईचे केस मी विंचरले होते. ते काळेभोर होते. पण कंगव्याला दात असतात, जीभ नसते.

तिचे केस थोडे तांबूस झाले खरे, पण केरसुणीसारखे राठही झाले. रसाने माझेही लाकूड कोरडे पडले. एके दिवशी गुंत्यात माझा दात कट्कन मोडला आणि ती रडायला लागली. बाबा हातातल्या ब्रशसकट धावत आले.

"काय चालवलंयस हे?"

"मला आईसारखे केस हवेत. तांबूस."

बाबा फोटोकडे बघतच राहिले. जन्म रंगांत गेलेला माणूस, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांनी फोटो उतरवला, मागचे खिळे काढले आणि तो चौकटीतून बाहेर घेतला. फोटोतल्या आईच्या वेणीचे टोक चौकटीच्या पट्टीखाली दडले होते. तिथे ऊन कधी पोचलेच नव्हते, आणि ते टोक काळेभोर होते.

"उन्हानं रंग खाल्ला गं," बाबा म्हणाले. "लोकांच्या पाट्यांचा रंग उडाला की मला लगेच दिसतं. घरातलं नाही दिसलं. तुझे होते ना, अगदी तस्से होते तिचे केस."

तिने मानेजवळची, रस न लागलेली बट पुढे ओढली आणि त्या टोकाशेजारी धरली. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. ती पुन्हा रडली, पण या वेळी मला त्याचे दुःख झाले नाही.

आता फोटो सावलीतल्या भिंतीवर आहे. केसांना तेल लावले की तेलकट बोट ती माझ्यावरूनही फिरवते. मित्रांनो, लाकडी कंगव्याला आंबट पाजू नका, तेल द्या. आवडत्या माणसाचा फोटो उन्हात टांगू नका. आणि स्वतःचा रंग घालवण्याआधी तो कोणाकडून आला आहे, एवढे घरात विचारा.

परवाच कोणीतरी पुन्हा म्हणाले, "बापावर गेलीस गं." तिने वेणी पुढे घेतली आणि म्हणाली, "नाक बाबांचं. केस आईचे."