शिक्क्याखालचा महिना

माझा कारकून मेल्यावरही दोन वर्षं कामावर येत होता, आणि त्याच्या जिवावर मी अकरा वर्षं काढली.

उस्मानी अमलात एका आडगावच्या काझीच्या कचेरीत तो होता. खजिन्याच्या वहीत त्याच्या मृत्यूची नोंद सन १३०२. त्याच्या सहीचे कचेरीतले कागद मात्र १३०३ चे, १३०४ चेसुद्धा. यावर मी सिद्धांत उभा केला: साम्राज्य इतकं खिळखिळं झालं होतं, की सही करायला माणूस जिवंत असण्याचीही अट उरली नव्हती. परिषदांमध्ये लोक माना डोलवायचे. पुस्तक छापखान्यात होतं. त्याच्याच भरवशावर आज तीन वाजता माझी प्रोफेसरपदाची मुलाखत होती. चौथी आणि वयाच्या हिशोबानं शेवटची.

प्रकाशकाला मुखपृष्ठावर त्या नोंदीचा रंगीत फोटो हवा होता. माझ्याकडे नुसती झेरॉक्स. तिच्यात महिन्याच्या जागी दफ्तरखान्याचा गोल शिक्का, डांबर ओतल्यासारखा काळा. म्हणून रंगीत स्कॅन मागवला. तो आज सकाळी आला. शिक्का निघाला फिकट गुलाबी, आणि त्याच्याआड ठसठशीत अक्षरात महिना: शुबात. म्हणजे फेब्रुवारी.

मी खुर्चीत बसलो. बसलेलोच होतो, तरी पुन्हा बसलो.

"काय झालं?" बायको माझ्या मुलाखतीच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"माझा कारकून वारला."

"तो तर कधीचाच वारलाय. त्याच्यावरच तर आपलं चाललंय."

"अगं, उशिरा वारला. काझीकडे हिजरी सन, चंद्राचा. खजिन्यात सरकारी सन, सूर्याचा. चंद्राचं वर्ष आखूड, म्हणून त्याचा आकडा पुढे पळतो. त्या काळात दोन वर्षांचा फरक पडायचा. महिना झाकलेला, म्हणून मी दोन्हीकडे हिजरीच धरला. पण फेब्रुवारी हा सूर्याच्या सनातला महिना, म्हणजे नोंद सरकारी सनातली. खजिन्याचं १३०२ संपता संपता काझीकडे १३०४ चालू होतं. म्हणजे सगळ्या सह्या करून मग मेला."

तिनं इस्त्री उभी केली. "हे तू मुलांना शिकवतोस ना?"

"दरवर्षी. परीक्षेत पाच मार्कांना असतं."

"मग तुला किती मिळाले?"

मी शर्ट घातला.

विभागप्रमुखांना आम्ही मोठे सर म्हणतो. त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकले.

"वेडा आहेस का? माझे दोन विद्यार्थी तुझ्या कारकुनावर डॉक्टर झालेत! एकानं तर मेलेला हमालही शोधून काढलाय!"

"त्याचाही महिना बघायला हवा, सर."

"महिना गेला खड्ड्यात. हे बघ, चार वाजेपर्यंत त्याला मेलेलाच ठेव. एवढी वर्षं कळ काढलीय त्यानं, एक तास काढेल. एकदा ऑर्डर हातात पडली की सावकाश जिवंत कर. तळटीपेत."

मला पटलं होतं. खरंच पटलं होतं. तळटीपा कोण वाचतं?

मुलाखतीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. बाहेरून आलेले तज्ज्ञ जेवून आले असावेत, डोळे अर्धेच उघडत होते. त्यांनी फाईल उलटीच धरून विचारलं, "तुमच्या संशोधनाचं मुख्य योगदान काय?"

उत्तर तोंडपाठ होतं. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी रग लागते. एकदा बोलून भागत नाही, पुढे निवृत्तीपर्यंत त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. मला नुसत्या विचारानंच जांभई आली.

"माझी चूक झालीय," मी म्हणालो, आणि स्कॅन टेबलावर ठेवला.

तज्ज्ञ पूर्ण जागे झाले. "म्हणजे हा कारकून नक्की करायचा तरी काय?"

"कामावर यायचा. सही करायचा. मग वारला."

"यात शोध कुठला?"

"काहीच नाही."

मोठ्या सरांनी समोरचा पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला. तो माझा होता.

पंधरा मिनिटांत शिपाई सांगत आला, की थांबायची गरज नाही.

घरी बायकोनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं. "जेवायला वाढू?" एवढंच म्हणाली.

"आधी फोन करतो."

प्रकाशकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं करू या का? कादंबरी म्हणून काढू. मेलेला कारकून धडाक्यात खपेल. जिवंत कारकून कोण विकत घेतो हो?"

"नको. छपाई थांबवा."

"अहो, विचार तरी करा! तुमची अकरा वर्षं गेलीत त्यात."

"माझी गेली," मी म्हणालो. "त्या माणसानं मरेपर्यंत इमानानं नोकरी केली. त्याला भूत करून कशाला विकायचं?"

प्रकाशक पुढेही बोलत होते. मी हं-हं करत बूट काढले, फोन उशीवर ठेवला आणि इस्त्रीच्या शर्टासकट आडवा झालो.